मधल्या वेळात शेवंता

गुडगाव
१२ डिसेंबर १९९६

प्रिय ताई,

दिल्लीतली मुनिरकाची भाड्याची जागा सोडून आम्ही इथे राहायला आलो, हे तुला कळवायचंच राहिलं होतं. यशोधनच्या कंपनीचं नवं ऑफिस इथे उघडलंय. घर चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्टचा खड्डा तयार आहे, लिफ्ट यायची आहे. फोनचा अर्ज दिलाय, तोवर पत्रंच.

आमच्या एका खिडकीतून अर्धवट इमारती दिसतात आणि दुसरीतून मोहरीची शेतं. सकाळी धुकं उतरलं की शेतं जातात, रस्ता जातो, समोरच्या इमारतीचे खालचे मजलेही जातात. वरचे दोन तेवढे हवेत तरंगत राहतात. क्षिप्रा विचारते, "मम्मा, नीचेवाले लोक कुठे गेले?" मी म्हणते, झोपलेत. मग ती हळू आवाजात बोलायला लागते, त्यांची झोपमोड नको म्हणून. कधी नीलगाय येते, पिलर्सच्या मधून चालत जाते. मला इथे सारखं वाटतं की मी कुणाच्या तरी स्वप्नात राहतेय आणि ते माणूस अजून उठलेलं नाही.

ताई, आता जे लिहिते ते यशोधनला सांगितलेलं नाही. मागच्या आठवड्यात क्षिप्राला बूस्टरचं इंजेक्शन द्यायला दवाखान्यात नेलं. दार उघडलं, स्पिरिटचा वास आला, एवढं मला आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते मुनिरकाच्या बसस्टॉपवरचं. ऊन कललेलं, क्षिप्रा माझ्या मांडीवर झोपलेली, तिच्या गळ्याभोवती माझी शाल नीट गुंडाळलेली, बाकावर शेंगांची टरफलं. मधला वेळ माझ्याकडे नाहीच. तिला विचारलं तर म्हणाली, "तूच म्हणालीस ना, चल बाळी, लांब जाऊ. सुईवाल्यांपासून लांब." मी तिला बाळी कधीच म्हणत नाही.

असं याआधीही झालंय, पण थोडं थोडं. भाजी चिरायला घ्यावी तर ती चिरून झाकून ठेवलेली असते. वेणी मी सैल घालते, आरशात बघावं तर घट्ट आणि तेल लावलेली. घरात अजून कुणीतरी राहतं आणि ते माझ्यापेक्षा जास्त व्यवस्थित आहे, असं वाटतं.

मी लहानपणी अशी होते का? मला पहिलीच्या आधीचं काही म्हणजे काही आठवत नाही. तू माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, तुला आठवत असेल.

आईला नमस्कार. हे तिला वाचून दाखवू नकोस.

तुझी,
गिरिजा


सांगली
२८ डिसेंबर १९९६

चि. गिरिजा,

तुला, यशोधनरावांना आणि क्षिप्राला आमचे आशीर्वाद.

तुझं पत्र शाळेतून आल्यावर वाचलं. अगं, इतकी घाबरतेस कशाला? तू पहिल्यापासून तंद्रीतली. आमटीला फोडणी दिली की नाही हे तुला कधी आठवायचं? त्यात नवी जागा, शेजार नाही, आपली भाषा बोलणारं कुणी नाही, दिवसभर एकटी. माणूस असा एकटा पडला की मन भरकटतं. लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टरमध्ये आपल्याकडची बरीच कुटुंबं आहेत असं तूच लिहिलं होतंस. त्यांच्याकडे जात जा. दूध घे, बदाम भिजवून खा.

लहानपणचं फारसं कुणालाच आठवत नसतं. झोपाळ्यावरून पडलीस, पाय मोडला, एवढं तर तुला माहीतच आहे. थंडीत खुबा दुखतो का? दुखला तर शेकत जा. त्यासाठी डॉक्टरांकडे जाऊन हाडाचा फोटो वगैरे काढत बसू नकोस, असं आईचं म्हणणं आहे.

आई बरी आहे. गुडघे सोडले तर तक्रार नाही. संक्रांतीला तिळगूळ पाठवते.

तुझी,
अरुणा


गुडगाव
२२ जानेवारी १९९७

आदरणीय अरुणाताई,

नमस्कार. मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितोय आणि तेही गिरिजाला न सांगता, त्याबद्दल राग मानू नका.

संक्रांतीला माझी आई पुण्याहून आली होती. रविवारी दुपारी क्षिप्राच्या तळपायात काटा रुतला. मी सुई स्पिरिटने पुसून घेतली आणि तिचा पाय धरला. ती ओरडायला लागली. गिरिजा स्वयंपाकघरातून आली, पण ती गिरिजासारखी चालत नव्हती. कमरेत किंचित वाकून, पाय फेकत आली. फरशीवर बसकण मारली, क्षिप्राला मांडीवर ओढलं आणि मला म्हणाली,

"सुई ठिवा खाली. आदी पोरीला सांगा काय करनार त्ये. न सांगता हात लावायचा न्हाई."

मी म्हणालो, "गिरिजा, हे काय बोलतेस?"

"गिरिजा निजलीया. मी शेवंता."

मग तिने क्षिप्राला काटा दाखवला, तो कसा निघेल ते सांगितलं, आणि खरंच इतक्या हलक्या हाताने काढला की पोरगी रडलीसुद्धा नाही. थोड्या वेळाने गिरिजा माझ्याकडे वळून तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "दूध उतू गेलं का रे?" तिला मधलं काही ठाऊक नव्हतं.

आईने हे सगळं पाहिलं. तिचं म्हणणं, हिच्या अंगात येतंय, कुणीतरी मागे लागलंय. पोर अशा घरात नको. जूनमध्ये क्षिप्राला पुण्याच्या शाळेत घालायचं, गिरिजा बरी होईपर्यंत तिथेच ठेवायचं. मी हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही. मला भीती वाटते, ताई. मी ऑफिसात असतो तेव्हा घरात कोण असतं, तेच मला माहीत नाही.

इथल्या एका डॉक्टरांना दाखवलं. ते हिस्टेरिया म्हणाले, झोपेच्या गोळ्या दिल्या. त्याने ती दिवसभर पेंगते, एवढंच.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण गिरिजाच्या तोंडी ही भाषा येते कुठून? तुमच्या घरात, गावात, शेवंता नावाचं कुणी होतं का? वारलेलं वगैरे? काही असेल तर कृपा करून लपवू नका.

आपला,
यशोधन


सांगली
९ फेब्रुवारी १९९७

गिरिजा,

यशोधनरावांनी मला पत्र लिहिलं होतं. त्यांच्यावर चिडू नकोस, ते घाबरलेले आहेत. मी त्यांना उत्तर दिलेलं नाही. जे लिहिणार आहे त्यावर पहिला हक्क तुझा. त्यांना सांगायचं की नाही, ते तू ठरव.

सावकाश वाच. क्षिप्रा झोपलेली असताना वाच.

तू झोपाळ्यावरून कधी पडली नाहीस. आपल्याकडे झोपाळाच नव्हता. तू चार वर्षांचीही नव्हतीस तेव्हा लंगडायला लागलीस. खुब्याच्या हाडाला क्षय झाला होता. बाबांनी तुला दूरच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं. छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, आणि खुब्यापाशी खिडकीसारखं कापलेलं, आतली जखम रोज धुवायला. धुताना हात पट्ट्यांनी खाटेला बांधायचे. दोन पावसाळे तू तिथे काढलेस. आईवडिलांनी फक्त रविवारी यायचं, असा तेव्हाचा नियम. आई येऊन गेली की मुलं जास्त रडतात, असं त्यांचं म्हणणं. सगळीकडेच तेव्हा तसंच होतं. आणि आपल्याला तर दर रविवारी एसटीने जाणंही जमत नव्हतं.

मी एकदा आले होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि ओळख दाखवली नाहीस. नजर छताला लागलेली. मी रडायला लागले. तिथे एक आया होती, आपल्याच बाजूची, ठेंगणी, कमरेत वाकून चालणारी. ती मला म्हणाली, "बाळी आत्ता हितं न्हाई, पोरी. वर गेलीया छताला. यील परत. घाई करू नगं." जखम धुवायला डॉक्टर आले की ती तुझ्या उशाशी उभी राहायची आणि त्यांना सांगायची, आधी पोरीला सांगा काय करणार ते. तिचं नाव शेवंता. पुढच्या वर्षी ती तिथली नोकरी सोडून गेली. नंतर काय झालं ते आम्हाला कळलं नाही.

तू बरी होऊन आलीस तेव्हा बोलायची नाहीस. मग हळूहळू बोलायला लागलीस, आणि तिथलं तुला काहीच आठवत नव्हतं. आईला वाटलं, देवाने पुसून टाकलं, बरं झालं. मुलीला क्षय होता असं कळलं तर लग्न कोण करील? म्हणून झोपाळा. मला तिने शपथ घातली होती.

यशोधनरावांचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. शेवंताचं नाव आल्यावर ती म्हणाली, "ते नाव तिला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "कुणीच नाही, आई." ती उठून देवापाशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून आली आणि म्हणाली, "लिही तिला. सगळं लिही. माझी शपथ सुटली."

शेवंता हे भूत नाही, गिरिजा. एवढं मला कळतं. बाकीचं कळणारा डॉक्टर शोध, गोळ्या देऊन झोपवणारा नको.

ताई


(पाकिटावर गिरिजाचं अक्षर नाही. आतला मजकूर पेन्सिलीने, मोठ्या वाकड्या अक्षरात. तारीख नाही. पोस्टाचा शिक्का फेब्रुवारीचा.)

आरुणाबाई,

तुमी खरं लिवलं, बरं क्येलं. तिनं पत्र वाचलं आन् ती निजली. आतली बाळी लई भ्याली. कपाटाच्या मागं जाऊन बसली व्हती. म्या तिला भाईर काडलं, गूळशेंगा दिल्या.

म्या दवाखान्यातली शेवंता न्हवं. मला ठावं हाय त्ये. ती गेली तवा बाळीच्या उशाशी कुनी तरी उभं ऱ्हायाला पायजे व्हतं. म्हनून म्या.

पोरीला पुन्याला धाडनार म्हनत्यात. मी धाडू द्याची न्हाई. पर मला लोकान्ला भ्या वाटतं, आन् तिचं कुनी ऐकत न्हाई. तुमी थोरल्या. काय तरी करा.

शेवंता


गुडगाव
२० एप्रिल १९९७

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वाचल्यानंतरचे काही दिवस माझे नाहीतच. मग यशोधनने एक डॉक्टर शोधून काढल्या आणि मला त्यांच्याकडे नेलं. डॉ. रेवती सोहोनी. लक्ष्मीबाई नगरच्या पलीकडे एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, तळमजल्यावर त्या बसतात. खोलीत स्पिरिटचा वास नाही, कडुनिंबाची सावली आहे. तुझं पत्र मी त्यांच्या हातात दिलं. शेवंताने तुला पत्र लिहिलंय हे मला डॉक्टरबाईंकडूनच कळलं, कारण ते तिने त्यांना सांगितलं होतं. माझ्याच तोंडाने, आणि मी तिथे नसताना.

मी विचारलं, "मी वेडी आहे का?" त्या म्हणाल्या, "बिल्कुल नाही. वेड लागू नये म्हणून एका चार वर्षांच्या मुलीने केलेली ही सोय आहे." या आजाराला पूर्वी बहुव्यक्तित्व म्हणायचे, अलीकडेच त्याचं नाव बदललं. आता ओळखीचं विघटन असं काहीसं म्हणतात. बरेच डॉक्टर तो मानतच नाहीत, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं.

त्यांचं म्हणणं मला समजलं ते असं. माणूस जन्मतःच एक नसतो. तान्ह्या बाळाचा राग वेगळा, भूक वेगळी, भीती वेगळी. प्रेमाने वाढवलं तर हे सगळं चार-सहा वर्षांत एकजीव होतं, शिऱ्यात साखर विरघळावी तसं. पण त्याआधीच रोज असह्य दुखायला लागलं आणि पळायला जागा नसली, तर मूल आतल्या आत पळतं. छताला जातं. याला त्या डिसोसिएशन म्हणतात. थोडं सगळ्यांनाच होतं, बसमध्ये तंद्री लागून आपला स्टॉप निघून जातो तसं. माझ्या बाबतीत छताला गेलेली परत आली ती वेगळी होऊनच.

त्यांच्याकडे या सगळ्याला शब्द आहेत, इंग्रजी. मी घरी येऊन त्यांची मराठी करत बसते, तेवढीच गंमत. रोजचं घर चालवते ती होस्ट, म्हणजे मी. मी म्हणते यजमानीण. बाकीच्या आल्टर. त्या म्हणजे पाहुण्या नाहीत बरं का, माझेच भाग आहेत, माझ्याइतक्याच जुन्या. बाळी लहान आहे, ती अजून चार वर्षांचीच. शेवंता राखणदार. एक जाऊन दुसरी पुढे येते त्याला स्विच म्हणतात, तो मी खांदेपालट केला. सगळ्या मिळून जे होतं त्याला त्या सिस्टम म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे अशा एकत्र कुटुंबाला खटलं म्हणतात. डॉक्टरबाई खूप हसल्या. ज्याने हे घडतं तो ट्रिगर, माझ्या मराठीत खटका. स्पिरिटचा वास, सुई, प्लास्टर हे आमचे खटके. आणि सगळ्यात मोठा खटका म्हणजे क्षिप्राचं वय. ती चारची झाली आणि आतली बाळी जागी झाली.

खटका बसला की मी फरशीवर अनवाणी उभी राहते आणि दिसेल त्याचं नाव मोठ्याने घेते. खिडकी. कुलर. क्षिप्राची चप्पल. सत्त्याण्णव साल. त्याने पाय जमिनीला लागतात. कधी लागतात, कधी नाही.

यशोधनला मी क्षयाचं सांगितलं. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. आठवडा गेला. मग एका संध्याकाळी म्हणाला, "आजाराचं मला काही नाही. पण तुझ्या घरच्यांना माझी एवढी भीती वाटली?" मी म्हटलं, "मलाही कुणी सांगितलं नव्हतं." त्यावर त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

पण क्षिप्राचं तो अजून ठरवत नाही. डॉक्टरबाईंनी त्याला सांगितलं की शेवंताने मुलीला कधी अपाय केलेला नाही, उलट जपलंय. त्याने मान हलवली. सासूबाई जुलैच्या सुरुवातीला येणार, क्षिप्राला महिनाभर उशिरा घेतील असं त्यांनी शाळेशी बोलून ठेवलंय. ताई, तिला नेलं तर मी समजू शकेन. शेवंताही कदाचित समजेल. पण आतली जी चार वर्षांची आहे, तिला कसं सांगू की घरातल्या लहान मुलीला परत लांब ठेवणार आहेत?

गिरिजा


सांगली
११ मे १९९७

चि. गिरिजा,

आणि शेवंताबाईंनाही माझा नमस्कार. त्यांचं पत्र मला मिळालं होतं. त्यांना कसं उत्तर लिहावं ते सुचेना, म्हणून राहिलं. वयाने त्या माझ्यापेक्षा मोठ्या की लहान तेही मला कळत नाही. पण त्यांनी माझ्या बहिणीला इतकी वर्षं सांभाळलं, म्हणून अहोजाहो करते.

तुझं पत्र मी आईला दोनदा वाचून दाखवलं. सगळं तिला कळलं असं नाही. ती म्हणाली, "म्हणजे माझी एक पोर अजून तिथेच आहे?" मी म्हटलं, "हो, आई. तसंच काहीसं." मग ती म्हणाली, "तिला सांग, मी तिला टाकून आले नव्हते. जगावी म्हणून ठेवली होती." हे तू आत पोचव, कसं पोचवतात ते तुला माहीत.

मला एक विचारायचं होतं. मी इथे गणपतीला बोलून बसले होते की शेवंता जाऊ दे, माझी गिरिजा मोकळी होऊ दे. आता वाटतं की ते चुकीचं मागितलं. त्या जाणार आहेत का? की जायला नको? तुझ्या डॉक्टरांना विचार. तोवर नवस तसाच ठेवलाय, फेडतही नाही, मोडतही नाही.

यशोधनरावांना मी वेगळं पत्र घातलं आहे. लपवलं ते आमच्याकडून झालं, त्याची शिक्षा गिरिजाला देऊ नका, एवढंच लिहिलं. जास्त लिहून काही होत नाही.

ताई


गुडगाव
३ ऑगस्ट १९९७

प्रिय ताई,

हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव.

सासूबाई आल्या होत्या. क्षिप्राची बॅग भरून झाली होती. जाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी यशोधन ऑफिसला गेला आणि सासूबाई देवाचं करत होत्या. क्षिप्रा जिन्यात खेळत होती. आमच्या जिन्याला अजून कठडा नाही. ती खालच्या वळणावर रेतीच्या ढिगावर पडली. रडत वर आली तेव्हा तिचा उजवा हात मनगटापाशी वाकडा दिसत होता.

सासूबाईंना तिथेच घेरी आली. शेजारच्या बाईंना त्यांच्यापाशी बसवलं आणि मी क्षिप्राला घेऊन निघाले. रिक्षातून जाताना पाऊस नुकताच थांबला होता. सगळ्या अर्ध्या इमारतींचं पाण्यात उलटं प्रतिबिंब पडलं होतं आणि आमची रिक्षा त्यांच्या वरच्या मजल्यांवरून चालल्यासारखी वाटत होती. मला कळत होतं की मी चाललेय. म्हणजे जातेय, ताई, छताकडे. मी मोठ्याने म्हणायला लागले, रिक्षा. पाणी. क्षिप्राचा फ्रॉक. रिक्षावाल्याने वळून पाहिलं. क्षिप्रा रडता रडता मला सामील झाली, तिला तो खेळ वाटला. "म्हैस," ती म्हणाली. "ट्रॅक्टर."

दवाखान्यात वास आला. फोटो काढला, हाड मोडलं होतं. प्लास्टरच्या खोलीच्या दाराशी तिथल्या माणसाने माझ्या हातातून तिला घेतलं आणि म्हणाला, "मम्मी, आप बाहर बैठो. बच्चा माँ को देखके और रोता है."

फरशी गेली. भिंती लांब गेल्या. आत बाळी अशी किंचाळली की माझे कान बंद झाले. आणि शेवंता उठली. तिचं उठणं मी पहिल्यांदाच पाहिलं. आजवर ती उठायची तेव्हा मी झोपलेली असायचे. कमरेत वाकून ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि मी गेले नाही. एका खिडकीतून दोघींनी बाहेर बघावं तसं आम्ही क्षिप्राकडे बघत होतो. डॉक्टरबाई ज्याला को-कॉन्शसनेस म्हणतात ते हे. ते इतकं साधं असेल असं मला वाटलं नव्हतं.

मी म्हणाले, "मैं यहीं रहूँगी." ते कोण बोललं, विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. हिंदी माझी होती, पण आवाज जरा खालचा, जाड होता.

तो माणूस म्हणाला, "रूल है मॅडम."

"तो डॉक्टर साहब को बुलाइए. मैं उन्हें बता दूँगी. लेकिन बच्ची अकेली अंदर नहीं जाएगी."

डॉक्टर तरुण होता. त्याने खांदे उडवले, म्हणाला, "रहने दो यार, क्या फर्क पड़ता है." मी त्याला म्हटलं, पहले इसको बताइए आप क्या करेंगे. त्याने माझ्याकडे बघितलं, मग खुर्ची ओढून क्षिप्रासमोर बसला आणि सांगितलं. पट्टी ओली असेल, मग गरम लागेल, मग कडक होईल. हात सरळ करताना खूप दुखेल, पण थोडाच वेळ. तिने विचारलं, "मम्मा कहाँ रहेगी?" तो म्हणाला, "यहीं." मी तिचं डोकं माझ्या पोटाशी धरलं. हात ओढताना ती ओरडली, पण सगळा वेळ तिचे डोळे माझ्यावर होते, छताकडे एकदाही गेले नाहीत.

शेजारच्या बाईंचा निरोप मिळून यशोधन धावत आला तेव्हा प्लास्टर ओलंच होतं. तो दारातच थांबला. क्षिप्रा त्याला म्हणाली, "बाबा, मम्मा आत होती." त्याने माझा खांदा धरला आणि हलक्या आवाजात विचारलं, "आत्ता कोण आहे?" कुणी मला हे विचारावं याची मला इतके दिवस लाज वाटायची. त्या दिवशी वाटली नाही. मी म्हटलं, "दोघी आहोत. तुझी हरकत नसेल तर घरी जाऊ."

घरी आल्यावर त्याने तिची बॅग उघडली आणि फ्रॉक एकेक करून कपाटात ठेवले. सासूबाई बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, पण मग शाळा?" तो म्हणाला, "इथेच घालू, आई." त्या दुसऱ्या दिवशी एकट्या परत गेल्या. निघताना उंबऱ्यात मागे वळून म्हणाल्या, "तिला हळद घालून दूध देत जा." कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. आम्ही दोघींनीही हो म्हटलं.

तू विचारलंस, शेवंता जाणार का. डॉक्टरबाई म्हणतात, कुणी जात नसतं. काहींच्या बाबतीत सगळ्या हळूहळू एकजीव होतात, त्याला इंटिग्रेशन म्हणतात. काही तशाच, एकमेकींशी बोलून, गुण्यागोविंदाने नांदतात. दोन्ही चालतं. वर्षं लागतात. परवाच मी पुन्हा एक अख्खी दुपार हरवली, तेव्हा बरी झाले असं समजू नकोस. गणपतीला सांग, घाई नाही.

आता आईसाठी. दवाखान्यातून आलो त्या दुपारी क्षिप्रा झोपली, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून. मी शेजारी पडले होते. बाहेर बारीक पाऊस होता, शेतं आणि इमारती सगळं एकच करडं झालं होतं. तेव्हा बाळी आली. कपाटामागे नाही गेली, पुढे आली, क्षिप्राच्या पलंगाजवळ. बराच वेळ त्या प्लास्टरकडे बघत राहिली. आई, तुझा निरोप मी तिला आधीच दिला होता, पण ती काही बोलली नव्हती. त्या दुपारी तिने मला विचारलं, "हिला घरी कधी आणली?"

मी म्हटलं, "आजच. प्लास्टर घातलं आणि लगेच आणली."

"लगेच?"

"हो. त्याच दिवशी."

तिला हे माहीतच नव्हतं, आई. प्लास्टर घालूनसुद्धा मुलं घरी येतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने मला पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग ती क्षिप्राच्या पायांशी, पांघरुणाच्या कडेला जागा करून झोपली.

तुमची,
गिरिजा